शिंगी कमान कीं पोलादी कमान?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमचे एक संग्राहक स्नेही दोन कमानींच्या संबंधानें विचारावयास आमच्याकडे आले. एका जुन्या घराण्याच्या वाड्यांतील सामान विक्रीस निघालें होतें व त्यांत या दोन कमानी होत्या. पहिली सबंध पोलादाची; तिच्या पाठीवर सोन्याच्या तारेचें कोफ्तगिरी काम केलेलें; मूठ मधोमध फिरविली असतां कमानीचे दोन तुकडे होत. दुसरी शिंग, लांकूड व स्नायु यांची. तिचें रोगण जागोजाग उडालेलें, एका बाहूवरील शिंगाची पट्टी सुटलेली, आणि दोन्ही बाहु उलट बाजूस वळून चंद्रकोरीसारखा आकार झालेला. विकणारानें ती मोडकी म्हणून बाजूस टाकली होती. स्नेह्यांजवळ पैसे एकीपुरतेच होते. पोलादी कमान ही नंतरची व सुधारलेली, शिंगी ही आधींची व मागासलेली, तेव्हां पोलादीच घ्यावी, असें त्यांनीं मनाशीं जवळजवळ ठरविलें होतें. आमची नुसती संमति हवी होती. ती आम्हांस देववेना. त्याचीं कारणें त्या दिवशीं तोंडीं सांगितलीं तीं अपुरीं होतीं. म्हणून हा विषय येथें सविस्तर मांडतों.

प्रश्न एका विक्रीपुरता असता तर वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु जें शस्त्र धातूचें तें प्रगत, व जें लांकडाचें किंवा हाडाशिंगाचें तें रानटी, अशी समजूत शिकल्यासवरल्या मंडळींतही आढळते, व तिच्या पायीं दरवर्षीं कितीतरी जुन्या वस्तूंचा नाश होतो. शिवाय शस्त्रांच्या जुन्या याद्या वाचतांना आम्हीच केलेल्या कांहीं चुकांचें मूळही याच समजुतींत आहे.

१. शब्दांचा निवाडा

आमच्या जुन्या कागदांत धनुष्यास बहुधा कमान हा फारसी शब्द येतो. हाच शब्द दरवाजावरील कमानीस लागला व पुढें घड्याळांतील पोलादी पट्टीसही लागला. पहिल्यांत आकार सारखा, दुसऱ्यांत गुण सारखा. वेळूच्या साध्या धनुष्यास कामठा म्हणतात. मुलांच्या हातांतील गलोल म्हणजे मूळ फारसी गुलेल. ती पूर्वीं तीराऐवजीं मातीची गोळी फेंकणारी कमान होती. शिवकालीन राजव्यवहारकोशांत शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देण्याकरितां तो कोश रचला गेला, यावरूनच ते शब्द व्यवहारांत किती रुळले होते तें दिसतें.

येथें वाचकांस एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य वाटतें. मराठ्यांच्या लढायांच्या कागदांत बाण व बाणदार हे शब्द आले म्हणजे तेथें धनुष्यबाण होते असें समजूं नये. त्या काळचा बाण पुष्कळदां दारूनें उडणारा, काठीस नळी बांधलेला अग्निबाण असतो. धनुष्यावरून सुटणाऱ्या बाणास तीर व तो सोडणारास तिरंदाज म्हणत. हा भेद ध्यानीं न घेतल्यामुळें एकाद्या लढाईंत धनुर्धरांचें पथक होतें असें विनाकारण लिहिलें जातें. उलट, सिलेखान्याच्या यादींत नुसती कमान अशी नोंद असली तर ती कमान शिंगाची, वेळूची कीं पोलादाची हें त्या एका शब्दावरून कळत नाहीं. तेथें कागद थांबतो व वस्तु बोलूं लागते. म्हणूनच वस्तूंचें रक्षण हें कागदांच्या रक्षणाइतकेंच महत्त्वाचें आहे.

२. ग्रंथांची साक्ष

कौटिलीय अर्थशास्त्राची प्रत म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत इ. स. १९०५ मध्यें शामशास्त्र्यांच्या हातीं आली व १९०९ मध्यें ग्रंथ छापून निघाला, ही गोष्ट आमच्या वाचकांस परिचित आहे. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराच्या अध्यक्षाचें प्रकरण आहे. धनुष्यें कशाचीं करावीं हें तेथें सांगतांना ताड, वेळू, लांकूड व शिंग असे चार पदार्थ दिले आहेत, आणि कार्मुक, कोदंड, द्रूण वगैरे नांवें दिलीं आहेत. दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायु इत्यादि द्रव्यें येतात. बाणांच्या यादींत लोखंडी नाराच आहे. पण धनुष्यांच्या यादींत धातूचें नांव नाहीं. राजाच्या आयुधागाराचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या ग्रंथकारास लोखंड माहीत नव्हतें असें कोणी म्हणणार नाहीं. लोखंडाचा टोंकाशीं उपयोग आहे, वाकणाऱ्या अंगाशीं नाहीं, एवढाच याचा अर्थ.

अग्निपुराणांत चामर, छत्र, सिंहासन वगैरे राजचिन्हांच्या लक्षणांबरोबर धनुष्याचेंही लक्षण आलें आहे. तेथें मात्र धनुष्याचीं द्रव्यें तीन सांगितलीं आहेत: धातु, शिंग व लांकूड. धातूंत सोनें, रुपें, तांबें व काळें लोखंड यांचा उल्लेख आहे. सोन्यारुप्याचें धनुष्य युद्धांत चालत नाहीं, तें मिरविण्याचें. तेव्हां ही यादी राजचिन्हांच्या प्रकरणांत आली आहे हें विसरून चालणार नाहीं. आणि त्याच ठिकाणीं शरदृतूंत तोडलेल्या वेळूचें धनुष्य सर्वांत श्रेष्ठ असा निर्वाळा दिला आहे. म्हणजे ज्या ग्रंथांत धातूच्या धनुष्याचें नांव येतें, त्याच ग्रंथाचा कौल वेळूकडे आहे.

शिंगी धनुष्याचें प्राचीनत्व तर विष्णूच्या धनुष्याच्या नांवांतच आहे. शार्ङ्ग म्हणजे शृंगाचें केलेलें. हें नांव ज्या काळीं रूढ झालें त्या काळीं शिंगाचें धनुष्य हेंच उत्तम धनुष्य मानीत असले पाहिजेत. नाहीं तर देवाच्या हातीं तें दिलें नसतें.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत फख्र-इ-मुदब्बिर यानें आदाब-उल्-हर्ब हा युद्धशास्त्राचा फारसी ग्रंथ लिहून दिल्लीचा सुलतान अल्तमश यास अर्पण केला. त्यांत प्रदेशपरत्वें कमानींचे भेद दिले आहेत. हिंदवी कमान वेळूची असून तिची दोरीही वेळूच्या सालीची असते, तिचा तीर फार लांब जात नाहीं, पण जवळून लागल्यास जखम वाईट होते, असा त्याचा अभिप्राय आहे. सातपुड्यांतील भिल्लांच्या कामठ्यास आजही वेळूच्या चिंबटीची दोरी असते. अग्निपुराणांतही दोरीच्या द्रव्यांत वेळू आहे. संस्कृत ग्रंथ, फारसी ग्रंथ व डोंगरांतील चालू वहिवाट अशा तीन स्वतंत्र साक्षी एका गोष्टीवर जुळतात असे प्रसंग थोडे. म्हणून तो येथें मुद्दाम नमूद केला.

३. शिंगी कमान कशी घडते

शिंगी कमानीचा गाभा लांकडाचा. तो एकाच तुकड्याचा नसतो; मूठ, दोन बाहु व दोन टोंकें असे भाग निराळे घडवून पाचरीसारख्या सांध्यांनीं एकमेकांत बसवितात. गाभ्याच्या पोटाकडील बाजूस, म्हणजे धनुर्धराच्या तोंडाकडे येणाऱ्या बाजूस, म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या उष्णतेनें मऊ करून, सरळ करून चिकटवितात. दोन्ही पृष्ठभागांवर दांत्यांच्या हत्यारानें बारीक चरे पाडलेले असतात, म्हणजे सरेस आंत धरतो. पाठीवर जनावरांच्या पायांतील स्नायु वाळवून, कुटून, त्यांचे तंतु पिंजून, सरेसांत भिजवून थरावर थर देतात. प्रत्येक थर वाळूं द्यावा लागतो. स्नायु वाळतांना आंखडतो व कमान उलट्या बाजूस ओढतो. कारागीर तिला दोरीनें बांधून तो उलटा बांक आणखी वाढवितो. पुढें महिनेच्या महिने ती तशीच ठेवावी लागते. उत्तम कमानीस आरंभापासून अखेरपर्यंत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. शेवटीं वेष्टन व रोगण. चीन व कोरिया देशांतील कमानींवर भूर्जाच्या सालीचें वेष्टन असतें. पोथ्यांच्या संग्राहकांस ती साल ओळखीची आहे. एके ठिकाणीं तिनें शब्द राखले, दुसरे ठिकाणीं सरेस.

या रचनेचें इंगित असें कीं, कमान ओढली असतां पाठ ताणली जाते व पोट दाबलें जातें. ताण सोसण्यांत स्नायूसारखें व दाब सोसण्यांत शिंगासारखें दुसरें द्रव्य त्या काळीं उपलब्ध नव्हतें. आधुनिक पदार्थशास्त्राच्या मोजमापानें पाहिलें तर सारख्या वजनाच्या उत्तम पोलादी पट्टीपेक्षां शिंग ढोबळ मानानें दहापट शक्ति सांठवूं शकतें, व स्नायु त्याहूनही अधिक. म्हणून शिंगी कमान आंखूड व हलकी राहूनही जोरदार होते, आणि घोड्यावरून डावीउजवीकडे सहज फिरवितां येते.

आणखी एक गोष्ट. अशी कमान माणसाच्या बेताची करावी लागे. वासिष्ठ धनुर्वेदांत सांगितलें आहे कीं, ज्या धनुर्धरास धनुष्यच पीडा देतें त्याला लक्ष्य दिसत नाहीं. म्हणून धनुष्य आपल्या बळाच्या मानानें असावें. हा नियम सर्व देशांतील धनुर्विद्येच्या ग्रंथांत कोणत्या ना कोणत्या रूपानें आढळतो. कारागीर बाहु घांसून, शिंग खरवडून व शेकून कमान हव्या त्या जोरावर आणी. पण एकदां ती तयार झाली म्हणजे तिचा जोर मनास येईल तसा वाढवितां येत नसे. ती एका हाताची होऊन राही.

४. पावसाळा

इतकी गुणी वस्तु पोलादानें मागें कां सारूं पाहिली, याचें उत्तर आमच्या हवेंत आहे. सरेस व स्नायु हे दोन्ही पाण्याचे वैरी. सर्द हवेंत ते ओलावा ओढून घेतात, कमान ढिली पडते. फारच झालें तर थर सुटतात. म्हणून ती ऊबदार कोरड्या जागीं ठेवणें, चढविण्यापूर्वीं शेकणें, काम होतांच दोरी, म्हणजे चिल्ला, उतरून विसावा देणें, रोगणास चीर पडल्यास ताबडतोब बुजविणें, हे सर्व उपचार करावे लागत. कोंकणांत किंवा घाटमाथ्यावरील किल्ल्यांत आषाढश्रावणांत भिंतींस पाणी सुटतें. तेथें शिंगी कमानींचा सांठा टिकविणें किती कठीण हें निराळें सांगावयास नको. त्यांत कसर लागली तर स्नायु व शिंग दोन्ही खाऊन टाकते.

स्वतःची कमान स्वतः बाळगणारा स्वार हे उपचार आवडीनें करी. परंतु कोठीवर नेमलेल्या कारकुनास शेंकडों कमानींचे लाड पुरविणें शक्य नसे. पोलादी कमानीचा जन्म कोठीच्या या अडचणींतून झाला असावा असें आमचें मत आहे. हें अनुमान आहे, लेखी पुरावा नव्हे. परंतु पोलादी कमानीचे गुण व दोष पाहिले असतां तेंच संभवनीय दिसतें.

५. पोलादी कमानीचें स्वरूप

हिंदुस्थानांतील ज्या पोलादी कमानी देशांत व परदेशांत संग्रहांतून शिल्लक आहेत त्या बहुतेक सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील समजल्या जातात. एजर्टन यानें १८८० सालीं हिंदी शस्त्रांचें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें व स्टोन यानें १९३४ सालीं शस्त्रांचा मोठा कोश प्रसिद्ध केला, तेव्हांपासून पाश्चात्य संग्राहकांचें लक्ष हिंदी शस्त्रांच्या या सर्व प्रकारांकडे विशेष वेधलें. कांहीं पोलादी कमानींची मूठ मळसूत्री असून दोन भाग वेगळे करितां येतात, म्हणजे सामानांत नेण्यास सोपें. कांहींच्या मुठींत लहान कट्यारीचें पातें लपविलेलें असतें. पृष्ठभागावर कोफ्तगिरीची वेलबुट्टी बहुधा असते.

आतां आकाराकडे पाहावें. पोलादी कमानीचे बाहु व उलट वळलेलीं टोंकें शिंगी कमानीच्या घाटाचीं असतात. शिंगी कमानींत हा घाट द्रव्यांच्या गुणांतून आपोआप निघतो. पोलादांत त्याची तशी आवश्यकता नाहीं. एक द्रव्य दुसऱ्याचें रूप घेतें तेव्हां मूळ कोणतें व अनुकरण कोणतें हें सांगण्यास दुसरा पुरावा नको. लांकडी देवळाच्या तुळया दगडांत कोरलेल्या पाहून आम्ही मूळ देऊळ लांकडी होतें असें म्हणतों, तोच न्याय येथें लागू आहे.

पोलादी कमानीचे गुण असे: ती दमट हवेंत ढिली पडत नाहीं, चढवून ठेवली तरी लवकर मरत नाहीं, लोहारास ती एकाच द्रव्यांतून, एकाच मापाच्या अनेक, थोड्या दिवसांत करितां येतात, आणि कोठींत वर्षानुवर्षें पडली तरी तेलाच्या हातावर राहते. दोष असे: ती जड, बाहु जड असल्यामुळें ओढण्यांत घातलेल्या शक्तीचा बराच वांटा बाहु हालविण्यांतच खर्च होतो व तीर त्या मानानें मंद सुटतो. पोलादास पाणी देण्यांत चूक झाली किंवा आंत गंजाची बारीक चीर राहिली तर ती कांहीं सूचना न देतां मोडते. शिंगी कमान बिघडण्यापूर्वीं बांक बदलून किंवा थर उचलून बहुधा इशारा देते. पोलादी देत नाहीं.

युरोपांतही हाच विचार निराळ्या शस्त्राच्या बाबतींत झाला होता. तेथील यंत्रधनुष्यास प्रथम शिंग व स्नायु यांची कमान असे. पंधराव्या शतकांत पोलादी कमान प्रचारांत आली. तरी कडक थंडींत पोलाद तडकण्याची भीति असल्यामुळें थंड प्रदेशांतील शिकारी कांहीं काळ शिंगी कमानीसच चिकटून राहिले. आमच्याकडे पावसानें पोलादाची बाजू घेतली, तिकडे हिमानें शिंगाची. म्हणजे एक द्रव्य सर्वत्र श्रेष्ठ व दुसरें सर्वत्र कनिष्ठ असें नव्हतें. ज्या त्या ठिकाणच्या हवेनें व कामानें निवड ठरविली.

६. वापर, लोप व कारागीर

दुसऱ्या पानिपतास, ५ नोव्हेंबर १५५६ रोजीं, हेमूच्या डोळ्यांत तीर लागला व हातची लढाई गेली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यानंतर शंभर वर्षांनीं हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो कीं, बंदूकवाला दोन वेळां गोळी झाडतो तोंच स्वार सहा तीर सोडतो. मोंगली स्वाराची कमान म्हणजे शिंगीच. इतक्या झपाट्यानें वापरण्यास हलकी कमान लागते. तेव्हां बंदूक येतांच कमान निरुपयोगी झाली असें जें सांगतात तें खरें नव्हे. ती मागें पडली याचें एक मोठें कारण असें कीं, चांगला तिरंदाज तयार होण्यास बालपणापासून वर्षें लागतात, व बंदूक थोड्या महिन्यांत शिकवितां येते. नोव्हेंबर १८५७ मध्यें लखनौच्या शाह नजफ इमारतीवरून इंग्रजी पलटणीवर तीर सुटले व त्यांत माणसें पडलीं, अशी त्या पलटणीतील एका शिपायानें आठवण लिहून ठेविली आहे. इतके दिवस ही विद्या अगदींच मेलेली नव्हती.

शस्त्र गेलें तेव्हां तें करणारे कोठें गेले? कमानगर म्हणजे कमान करणारा. कच्छांत कमानगर किंवा कमांगर म्हणून एक मुसलमान जमात आहे. तिची प्रसिद्धि कमानींबद्दल नसून वाड्यांच्या भिंतींवरील रंगीत चित्रांबद्दल आहे, व त्या चित्रकलेस कमांगरी असेंच नांव पडलें आहे. कमानींवर रोगण व वेलबुट्टी करणारा हात भिंतीकडे वळला असें मानण्यास अडचण दिसत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत कमंगर या शब्दाचा दुसरा अर्थ हाड बसविणारा असा आहे. हाड, स्नायु, बांधणी व ताण यांचें ज्ञान ज्याला, तो मोडलेला हात बसवूं लागला हें स्वाभाविक वाटतें. पोलादी कमानीच्या कारागिराची गोष्ट निराळी. तो मुळांत लोहार, शिकलगार किंवा कोफ्तगार; कमान गेली तरी त्याच्याजवळ तलवार, पुढें पेटी, तबक, दौत हीं राहिलीं. एकोणिसाव्या शतकांत सियालकोटाजवळील कोटली लोहारान येथील कोफ्तगिरीच्या वस्तु युरोपीय गिऱ्हाइकांसाठीं होऊं लागल्या. म्हणून सोन्यानें भरलेली प्रत्येक पोलादी कमान लढाईंतील समजूं नये. कांहीं निव्वळ नजराण्यासाठीं किंवा शोभेसाठीं केलेल्या असूं शकतात.

शिंगी कमानीची विद्या तोंडीं व हातोहात चालत असे. ती ज्या घराण्यांतून गेली तेथून परत येत नाहीं. आतां जी कांहीं माहिती मिळावयाची ती शिल्लक राहिलेल्या मोडक्या कमानींच्या उघड्या पडलेल्या थरांतूनच. कोरियांत शिंगी कमानीची परंपरा अखंड आहे, व तुर्कस्थानच्या पारंपरिक धनुर्विद्येस २०१९ सालीं युनेस्कोच्या यादींत स्थान मिळालें; आमच्याकडील तशी साखळी तुटलेली आहे.

७. आजच्या धनुर्धराची निवड

या जुन्या वादाचा निकाल आमच्या काळांत एका अनपेक्षित रीतीनें लागला आहे. १९३० नंतरच्या दशकांत स्वीडन व इंग्लंड येथें पोलादी नळीच्या कमानी निघाल्या. इंग्लंडांत ॲक्लेस ॲण्ड पोलॉक या नळ्यांच्या कारखान्यानें त्या केल्या व दुसऱ्या महायुद्धानंतरही कांहीं वर्षें त्या चालल्या. हवेनें त्या बिघडत नसत, हा त्यांचा गुण. अवचित मोडत, हा दोष. म्हणजे आमच्या पोलादी कमानीचेच गुणदोष. पुढें लांकडाच्या पातळ पट्ट्यांवर कांचतंतूंचे थर देऊन बाहु करूं लागले तेव्हां पोलादी बाहु मागें पडले. पाठीवर ताण सोसणारा थर, पोटावर दाब सोसणारा थर व मध्यें हलका गाभा, ही शिंगी कमानीचीच रचना. फक्त स्नायु व शिंग यांच्या जागीं न भिजणारें द्रव्य आलें.

ऑलिंपिक सामन्यांत १९२० नंतर धनुर्विद्या नव्हती. ती १९७२ सालीं म्युनिक येथें परत आली. त्याच सुमारापासून हलक्या धातूची मूठ व तिला जोडावयाचे दोन सुटे बाहु अशी तीन तुकड्यांची कमान सामन्यांतून रूढ झाली. बाहु बदलून किंवा मुठीजवळचे स्क्रू फिरवून जोर कमीअधिक करितां येतो. म्हणजे धातु अखेर कमानींत राहिली, पण वाकणाऱ्या अंगांत नव्हे. न वाकणाऱ्या मुठींत. आमच्या जुन्या मळसूत्री कमानीच्या कारागिरानें मूठ उलगडती केली तें योग्यच होतें; बाहूही पोलादाचे केले एवढीच गोष्ट हवेपायीं त्याला पत्करावी लागली.

आजही कांहीं धनुर्धर कारागिराकडून आपल्या हाताच्या मापाची लांकडी कमान करवून घेतात, व कांहीं धातूच्या मुठीची फिरवितां येणारी कमान घेतात. ज्याचें बळ अजून वाढावयाचें आहे त्यानें दुसरी घ्यावी, ज्याचा हात ठरला आहे त्याला पहिली शोभेल; वासिष्ठ धनुर्वेदाचा निजबळाचा नियम दोघांसही पुरतो.

८. संग्राहकांस सूचना

वरील विवेचनावरून व्यवहारांतील कांहीं गोष्टी निघतात. पहिली: उलट वळलेली शिंगी कमान मोडकी नव्हे, उतरलेल्या स्थितींत तिचा आकार तसाच असतो. दिसतो त्याच बांकावर दोरी चढविली तर ती उलटी चढते व शिंग सुटतें. असा प्रमाद संग्रहालयांतूनही झालेला आहे. दुसरी: जुनी कमान, शिंगी असो वा पोलादी, केव्हांही चढवूं नये व ओढूं नये. तिसरी: शिंगी कमानीस तेल लावूं नये, उन्हांत ठेवूं नये, बळानें सरळ करूं नये, कसर पाहावी व सुटलेले तुकडे त्याच पुडक्यांत जपावे. चौथी: रोगण घासूं नये. तुर्की कमानींवर कारागिराचें नांव व हिजरी सन लिहिलेला पुष्कळदां आढळतो. आमच्याकडील कमानींवर असें लेखन असल्यास तें घासण्यानें कायमचें जाईल. पांचवी: पोलादी कमान अम्लानें उजळूं नये, सोनें निघून जातें, सांधा व पाणी पाहूनच तिचा काळ व उपयोग ठरवावा.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, जें टिकलें तेंच पूर्वीं अधिक होतें असें धरूं नये. पोलाद टिकतें म्हणून संग्रहांत दिसतें. शिंग व स्नायु सडतात म्हणून दिसत नाहींत. उद्यां एकादा अभ्यासक केवळ संग्रहालयांतील कपाटें मोजून मराठे व मोंगल पोलादी कमानी वापरीत असें लिहील, तर चूक त्याची थोडी व आमची अधिक होईल.

आमच्या स्नेह्यांनीं अखेर शिंगी कमान घेतली. पोलादी कमान दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. ती सोन्याच्या कामामुळें कोणाच्या तरी कपाटांत सुरक्षित राहील, तिची आम्हांस चिंता नाहीं. शिंगी कमान त्या दिवशीं कोणी न घेती तर वाड्यांतील इतर मोडक्या लांकडांबरोबर सरपणांत गेली असती. ती आतां कापडांत गुंडाळलेली, सुटलेल्या पट्टीसह, कोरड्या पेटींत आहे.

ज्या वाचकांच्या दप्तरांत सिलेखान्याच्या याद्या असतील व त्यांत कमानींच्या नोंदींबरोबर शिंग, सरेस, स्नायु, रोगण, पोलाद किंवा कमानगराचा मुशाहिरा यांचा उल्लेख असेल, त्यांनीं तो मूळ मोडी वाचनासह प्रसिद्ध करावा अशी आमची विनंती आहे. एक विश्वसनीय नोंद मिळाली तरी कोठीविषयींचें आमचें अनुमान पक्कें तरी होईल, किंवा सोडून तरी द्यावें लागेल. दोन्हींपैकीं कांहींही झालें तरी लाभच आहे.